नातवंडासाठी माळ्यावरचा जुना पाळणा काढावा का? तुमच्या घरी काय झालं ते सांगा

आमच्याकडे सागवानाचा एक पाळणा आहे, १९६८ चा. माझे मोठे भासरे त्यात झोपले, मग यजमान, मग माझी दोन्ही लेकरं. पूस महिन्यात लेकीची पहिली डिलिव्हरी आहे, म्हणजे इथंच माहेरी, तिवशाजवळ आमचं गाव आहे. जावई पुण्याला असतात, त्यांनी नवीन कॉटचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं आई जुनं काही वापरू नका प्लीज. यजमान म्हणतात एवढं सागवान आता कोणाच्या बापाला भेटते. सासूबाईंचं तिसरंच, लेकरू व्हायच्या आधी पाळणा माळ्यावरून खालीच उतरवायचा नाही, रिकामा पाळणा घरात दिसू नये. आता बिन उतरवता त्याची दुरुस्ती कशी करायची हे त्यांनाच माहीत.

म्हणून धागा काढला. पाळणा, झोळी, गादी, मच्छरदाणी, मोहरीची उशी, जे जुनं तुम्ही दुसऱ्यांदा काढलं त्याचं काय झालं ते लिहा. मोबाईलवर वाचलेले उपदेश नकोत, ते जावई रोज पाठवतात.

वणीवाली काकू
माझा अनुभव स्प्रिंगचा. लोखंडी स्टँड नव्हतं, छताच्या हुकाला स्प्रिंग आणि खाली कापडी झोळी, मोठ्या नातवाच्या वेळेस घेतलेली. सहा वर्षांनी नात झाली तर तीच काढली, धुतली, उन्हात वाळवली, म्हणजे कापडाची सगळी काळजी घेतली पण स्प्रिंगकडे कोणी पाहिलं नाही. पोरगी चार महिन्यांची होती, दुपारी एकदम तड्ड आवाज आला. खाली मी सवयीनं जाड वाकळ टाकून ठेवायची म्हणून लेकरू वाचलं, रडलं तेवढंच. नंतर पाहिलं तर स्प्रिंग जिथं एस हुकात अडकते तिथं घासून बारीक झाली होती आणि आतून गंज. आता ज्या स्प्रिंगा मिळतात त्यात मधून साखळी असते, स्प्रिंग तुटली तरी साखळी धरते, आमच्यात नव्हती. कापड जुनं चालेल, लोंबकळणारं लोखंड जुनं नको, एवढं मी सांगते.

मेहकरचे आबा
आमच्याइकडं पाळणा श्रीमंताचा, आमची पोट्टी समदी झोळीतच वाढली. बुढीचं जुनं लुगडं मयालीले, म्हंजे घराच्या तुळईले, बांधलं का झाला पाळणा. वावरात कापूस वेचाले गेलं का धुऱ्यावरच्या निंबाले झोळी, घरी आलं का मयालीले. खाली काहून झोपवत नव्हते ते आजकालच्या लोकाले समजत नाही, मातीच्या घरात इच्चू निंगते, मण्यार निंगते, मण्यार तं रातीच येते अन् चावलेलं समजतबी नाही. झोळी हे हौस नव्हती बापा, बचाव होता.

पण एक सांगतो. नातवाच्या टायमाले सुनेनं माह्या मायचंच लुगडं काढलं, आठवण म्हणून. मले बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी गाठीजवळ फाटाले लागलं. चाळीस साल पेटीत घडी करून ठेवलेलं लुगडं, घडीवर इरलं होतं, वरून चांगलं दिसे. म्या दोन्ही हातानं ताणून पाहिलं तं टरकलं. त्याची दुपटी केली मग, आठवणबी राहिली अन् पोट्टंबी.

अजून एक, झोळीत लेकरू गोल होते, हनुवटी छातीले टेकते. हे आमच्या बुढीले माहीत होतं, ते दर घडीले मान पाहे. आताची माय मोबाईल पाहते.

(मोबाईलचं सोडा आबा, पण हनुवटीचं एकदम बरोबर. – धागावाली)

आरमोरी तालुक्यातून, आशा
मी आशा वर्कर आहे, गावातली आरोग्य कार्यकर्ती, म्हणून थोडं जास्त लिहिते. दवाखान्यात डिलिव्हरी झाली की आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातो. हे घरी जाऊन बाळ पाहण्याचं काम आमच्याच गडचिरोली जिल्ह्यातून सुरू झालं, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत करून पाहिलं, मग २०११ पासून देशभर आशांकडे आलं. म्हणजे मी रोज लोकांचे पाळणे पाहते असं समजा.

जुना पाळणा पाहून मी कधी फेका म्हटलं नाही. मी आधी गादीवर पंजा दाबते. हात खाली गेला आणि खड्डा राहिला तर ती गादी लेकरासाठी नाही. सावरीच्या कापसाची मऊ गादी म्हाताऱ्या माणसाला चांगली, बाळाला सपाट आणि टणक पाहिजे. मग उशी काढायला लावते, आणि इथे प्रत्येक घरी भांडण होते. मोहरीची उशी डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात, एका घरी तर वडिलांची उशी मुलाला काढली होती, शिवण उसवून मोहरी पूर्ण पाळण्यात सांडलेली, लेकराच्या कानाजवळपर्यंत. पाठीवर झोपवा, तोंडाजवळ उशी नको, सैल गोधडी नको, एवढंच मी सांगते. थंडीत टोपी मोजे घाला, अंगाला नीट गुंडाळा, पण ढिगाखाली ठेवू नका.

मच्छरदाणी मात्र जुनी वापरताना भोकं बघा. आमच्याइकडे मलेरिया आहे, मच्छरदाणीशिवाय चालतच नाही. पण पाळण्यावर टाकलेली जुनी जाळी ढिली होऊन लेकराच्या तोंडावर लोंबत होती असं मी दोनदा पाहिलं. ताणून बांधा.

वर्ध्याची, सध्या न्यूजर्सीत
माझी गोष्ट उलटी आहे, इथे मी जुनं वापरू म्हणत होते आणि मुलगा नाही. त्याच्या ओळखीच्या एका कुटुंबानं त्यांच्या मुलांची लाकडी क्रिब, म्हणजे बाळाची कठड्याची खाट, फुकट दिली, एकदम मजबूत, एक बाजू खाली सरकणारी, वाकायला सोपं म्हणून मी खूश. सून म्हणाली आई ही बाजू सरकणारी आहे ना, म्हणूनच चालत नाही. इथे २०११ पासून अशी क्रिब बनवणं, विकणं बंद आहे, सरकणारी बाजू खिळखिळी होऊन सुटते आणि फटीत बाळं अडकून गेली म्हणून. मी तिच्यावर रागावले होते, खरं सांगते. मला वाटलं गावच्या सासूला शिकवते. मग तिनं ती बाजू हलवून दाखवली, खालच्या कोपऱ्यात माझा अख्खा हात गेला.

दांड्यांमधलं अंतर पण मोजतात, साधारण ६ सेंटीमीटरच्या वर नको, म्हणजे कोल्ड्रिंकचा टिनचा डबा त्यातून जाता कामा नये. लेकराचं अंग फटीतून घसरते आणि डोकं अडकते. तुम्ही तुमच्या सागवानाच्या पाळण्याच्या दांड्या मोजा हो, आपल्या जुन्या पाळण्यांना दांड्या विरळ असतात. आणि इथे तिरक्या उतरत्या झोपायच्या खुर्च्या अन् क्रिबला आतून लावायच्या फुगीर गाद्या, दोन्हीवर २०२२ मध्ये कायद्यानं बंदी आली. मी तर अकोल्याहून तशीच नक्षीची गादी शिवून आणली होती. ती आता सोफ्यावर आहे.

मूर्तिजापूर
आम्ही वापरला, काही झालं नाही, तीन पिढ्या वाढल्या. उगाच घाबरवू नका.

(दादा, ज्याचं काही झालं नाही तोच इथं येऊन लिहिते. बाकीच्यांच्या घरी त्यावर कोणी बोलतच नाही. माझ्या माहेरी एक असंच आहे, त्यावर मी लिहिणार नाही. – धागावाली)

अकोट
आमच्या पाळण्याला दर बारशाला नवीन रंग, लाल पिवळा हिरवा, एकावर एक थर. नातू सात महिन्यांचा झाला, दात शिवशिवायला लागले तसा कठडा चावायचा, तोंडात हिरवी खपली सापडली. डॉक्टरांनी विचारलं रंग कधीचा. घरच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून आहे, त्याआधीच्या रंगाचं काही सांगता येत नाही. माझे मिस्टर लगेच पॉलिशपेपर घेऊन बसले ओसरीत, त्यांना तिथंच थांबवलं, कोरडं घासलं की ती धूळ घरभर उडते, ती तर अजून वाईट. घासायचंच असेल तर ओलं करून, घराबाहेर, बाळंतीण नसताना. आम्ही नाही घासला. पाळणा आता देवघरात आहे, जन्माष्टमीला बाळकृष्ण झोपतो, त्याला दात येत नाहीत.

चंद्रपूर
एप्रिल मे मध्ये जुनी फोमची गादी वर रेक्झिन लावलेली, विसरा. लेकराची पाठ भिजून लाल झाली. फोम पण आतून पिठासारखा झाला होता. रुईची पातळ गादी नवीन भरून घेतली पिंजाऱ्याकडून, घट्ट, आणि पाळणा कूलरच्या समोरून बाजूला सरकवला.

धागावाली, पंधरा दिवसांनी
सगळ्यांचं वाचलं, यजमानांनाही वाचून दाखवलं. वाढई, म्हणजे सुतार, आले होते. सासूबाई दुपारी झोपल्या तेव्हा पाळणा मागच्या दारानं त्यांच्या घरी नेला, म्हणजे आमच्या घरात उतरवला असं होत नाही, हा तोडगा वाढयांचाच, त्यांना असे पाळणे दर साली येतात म्हणे. चारपैकी दोन कड्या अर्ध्या घासलेल्या निघाल्या. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, वरून पितळी फुलं बसवलेली. कड्या आणि साखळ्या सगळ्या नव्या. दांड्यांमधून माझ्या हाताची चार बोटं जात होती, प्रत्येक फटीत एक जास्तीची दांडी बसवली, नव्या दांड्या रंगानं फिक्या दिसतात, दिसू द्या. रंग ओला करून त्यांच्या अंगणात काढला, आता रंग द्यायचा नाही, घाणीवरचं जवसाचं कच्चं तेल चोळलं. ते वाळायला लय दिवस घेते, म्हणून आत्ताच केलं.

जावयांना सगळे फोटो पाठवले. त्यांनी विचारलं रात्री पण त्यातच का. रात्री नाही, रात्री त्यांचीच कॉट, लेकीच्या बाजेला लागून. पाळणा बारशाला आणि दिवसा कोणी समोर बसलेलं असताना. त्यांनी अंगठा पाठवला.

काल सासूबाई माळ्याकडे पाहत म्हणाल्या, पाळणा दिसत नाही, उंदरानं नेला का. मी म्हटलं वाढयाकडे आहे आई, वेचणी आटोपली का येते.