प्रश्न कोणी ठरवला, तेही बघा

कॉलेजचे विद्यार्थी अभ्यासाचा भाग म्हणून लोकांच्या दारोदारी जाऊन जी सर्वेक्षणं करतात, ती गुण मिळवण्यापुरतीच असतात, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. मुलं मनापासून राबतात. घोळ त्याआधीच झालेला असतो. प्रश्नावली वर्गात ठरते, आणि ती ज्यांच्या दारात जाते त्यांना ‘तुमची नेमकी अडचण कोणती?’ हे कोणी विचारलेलंच नसतं. अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची ८ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यात लोकांचं नुसतं मत घेणं चौथ्या पायरीवर येतं, आणि निर्णय लोकांच्या हाती असणं थेट आठव्या. माझ्या मते असे बहुतेक प्रकल्प चौथीवरच थांबतात.

दुसरी अडचण सत्राची. चार-पाच महिन्यांत विश्वास जमत नाही, आणि जमलाच तर तोवर तुकडी बदलते. म्हणून नोंदी (नावं-पत्ते काढून) पुढच्या तुकडीकडे रीतसर सोपवायला हव्यात. आणि अहवाल प्राध्यापकांकडे जाण्याआधी त्याचं एका पानाचं सार त्याच लोकांसमोर, त्यांच्याच भाषेत वाचून दाखवा. ज्यांनी वेळ दिला त्यांचा तो हक्क आहे, शिवाय आकड्यांतल्या चुका सगळ्यात आधी तेच पकडतात.