शब्दचर्चा : सायकेडेलिक की सायकोडेलिक? आणि काउंटरकल्चर?

प्रश्न : सॅन फ्रान्सिस्कोच्या १९६६-६७ मधल्या रॉक मैफलींच्या पोस्टरांबद्दलच्या मराठी लेखांत 'सायकोडेलिक' आणि 'सायकेडेलिक' दोन्ही दिसतात. बरोबर कोणते? 'भ्रमकारी' चालेल का? 'काउंटरकल्चर'ला, म्हणजे त्या काळच्या हिप्पी तरुणांच्या वेगळ्या जीवनपद्धतीला, काय म्हणावे?

— 'सायकेडेलिक'. हंफ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५६ साली लेखक ऑल्डस हक्सलेशी चाललेल्या पत्रव्यवहारात तो शब्द घडवला. ग्रीक 'सायकी' म्हणजे मन, 'डेलोस' म्हणजे उघड. ग्रीक समासात मध्ये 'ओ' यायचा हे खरे, पण 'सायको' म्हटले की सायकोसिस हा मनोविकार आठवतो. रूढ 'के'च ठेवावा. 'भ्रमकारी' मात्र नको, तो 'हॅलुसिनोजेनिक'चा (भास घडवणारे) प्रतिशब्द. इथे मूळ शब्दात भ्रम नाहीच, मन उघडे होणे आहे. 'मनःप्रकटक' अर्थाला चिकटून आहे (मनोप्रकटक नव्हे, 'प'आधी विसर्ग टिकतो), पण पोस्टरच्या लेखात तो वाचवत नाही.

— जोडीला एक. कुठल्याही भडक, रंगीबेरंगी चित्राला सर्रास सायकेडेलिक म्हणतात. त्याच काळातला पोस्टरकार व्हिक्टर मॉस्कोसो, त्याची पोस्टरे बघा, अक्षरांच्या कडा थरथरतात. रंग तो येल विद्यापीठात चित्रकार जोसेफ आल्बर्सकडे शिकला. युक्ती अशी : रंगचक्रातले समोरासमोरचे दोन रंग, दोन्ही पुरेपूर भडक-तेजस्वी, आणि उजळपणा सारखा. कसोटी सोपी : फोटो कृष्णधवल करा, अक्षरे पार्श्वभूमीत बुडाली तर जमले. पिवळ्यावर जांभळे समोरासमोरचे असूनही थरथरत नाही, कारण उजळपणात जमीन-अस्मानाचा फरक. अक्षराभोवती काळी रेघ ओढलीत की खेळ खलास. छापतानाही जपा : चाररंगी ऑफसेट छपाईत लाल आणि हिरवा दोन-दोन शायांतून बनतात. रजिस्टर (शायांची एकमेकींवरची जुळणी) किंचित सरकले की कडेला फट किंवा मळकट रेघ येते. तयार लाल आणि तयार हिरवी शाई वापरा. या परिणामाला 'रंगकंप' म्हणावे, 'भ्रम' अजिबात म्हणू नये.

— 'रंगकंप' आवडला. काउंटरकल्चरला 'प्रतिसंस्कृती'.

— 'प्रति'ने प्रतिकृती, नक्कल असे वाटत नाही का? 'संस्कृतिविरोधी' स्पष्ट आहे.

— स्पष्ट आहे, पण अपुरे. साताऱ्याचे प्रतिसरकार आठवा : इंग्रजांना नुसता विरोध नव्हता, गावोगाव स्वतःचे न्यायदानही होते. 'प्रति'चा हाच अर्थ इथे हवा. हाइट-ॲशबरी या सॅन फ्रान्सिस्कोतल्या हिप्पी वस्तीत डिगर्स नावाच्या गटाची मंडळी फुकट जेवण द्यायची, फुकट दुकान चालवायची. १९६६ ते ६८ 'ऑरेकल' हे त्यांच्या परिसराचे स्वतःचे वृत्तपत्र निघायचे. शब्द रूढ झाला तो थिओडोर रोझॅकच्या १९६९च्या पुस्तकाने, म्हणजे त्या वस्तीतली हिप्पींची गर्दी ओसरल्यावर.

— 'ऑरेकल'च्या पानांवर रंग एकमेकांत विरघळतात, त्या 'स्प्लिट फाउंटन' छपाईला काय म्हणाल? शाईच्या पन्हळीत आडवे अडसर घालून शेजारीशेजारी दोन-तीन शाया ओततात. रोलर डावी-उजवीकडे सरकतात तशा सीमेवर त्या मिसळतात. जास्त वेळ छापत राहिले की मधला पट्टा पसरून मळकट होतो, मग रोलर धुवावे लागतात. 'मिश्र शाई' म्हणतात ते चूक, शाया आधी मिसळलेल्या नसतात.

— 'विभागलेली शाई' म्हणा.