उलटी टांगलेली साखळी

स्पॅनिश वास्तुकार गौदीच्या कमानी म्हणजे नुसती कल्पनेची भरारी, आपल्या बेळगाव-खानापूरच्या जांभ्या चिऱ्यात त्या उभ्याच राहणार नाहीत, असं काहीजण म्हणतात, ते मत अजिबात पटलं नाही. बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेल या वसाहतीच्या चर्चसाठी त्यानं १:१० प्रमाणात दोऱ्यांची जाळी छताला टांगली आणि शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या बांधून भार दाखवला. फोटो उलटा धरला की इमारतीचा आकार समोर! लोंबत्या दोरीत फक्त ताण असतो. उलटी केली की फक्त दाब. आणि जांभ्याला दाबच तर सोसतो.

३ मीटरच्या गाळ्यासाठी (कमानीच्या दोन पायांमधलं अंतर) भिंतीवर एका पातळीत, तेवढ्याच अंतरावर दोन खिळे मारा, साखळी दीड मीटर लोंबू द्या, ती रेघ प्लायवर उतरवून साचा उलटा उभा करा; चिरे त्यावर रचायचे. चिरे खाणीतून ताजे आलेले असतानाच तासा, नंतर हवेनं कडक होतात. सांधे वक्राला काटकोनात हवेत. घोटाळा होतो तो बुडाशी: कमानीची उंची निम्मी केली की बाजूचा रेटा जवळपास दुप्पट होतो, भिंती फाकतात आणि माथ्यावर आतून चीर पडते. कमान पूर्ण झाल्यावर साचा एकदम ओढू नका. साच्याखालच्या पाचरी थोड्याथोड्या, दोन्हीकडून सारख्या सैल करा.