अंदाज बाजारावर लिहिताना स्वतःचे पैसे लावलेत हे सांगायला पाहिजे का?

रावेरकर: मंडळी, मी निवडणुकीच्या अंदाज बाजारावर लिहायचो, म्हणजे गोष्ट घडली तर १० रुपये देणाऱ्या सौद्याचा भाव ७ असेल तर लोकांच्या मते शक्यता ७० टक्के, असं समजावून. परवा केळीची गाडी भरता भरता चुलत भाऊ म्हणाला, दादा तू लिहिलं म्हणून मी तेव्हा पैसे लावले, सगळे बुडाले. माझेही त्याच बाजूला होते, पण मी ते कुठंच लिहिलं नव्हतं. फार लागलंय मनाला.

धुळ्याचा कापूसवाला: भाऊ, सांगायलाच पाहिजे होतं. गोडाऊनमधे गाठी भरून ठेवलेला व्यापारी भाव वाढणार म्हणतो तेव्हा आपण आधी त्याचं गोडाऊन बघतो ना, वाचणाऱ्याला तुझं गोडाऊन दिसत नाही.

अमळनेर: ७० टक्के म्हटलं आणि घडलं नाही म्हणून लगेच चुकलं असं नसतं, १० वेळा ७० म्हटलं तर साधारण ७ वेळा घडायला हवं, आणि हे कळायला सगळे अंदाज तारखेसकट वहीत पाहिजेत. बरोबर आलेल्यांचे स्क्रीनशॉट ठेवायचे अन् चुकलेले डिलीट करायचे ही सरळ फसवणूक आहे, मला याचाच जास्त राग येतो.

जळगाव: सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, एप्रिल २०२५ मधेच बजावलं होतं की असे सौदे त्यांच्या नियमनात येत नाहीत, म्हणजे गुंतवणूकदाराला संरक्षण नाही. मग ऑगस्टमधे केंद्राचा कायदा आला, पैशाच्या ऑनलाइन खेळांची जाहिरातसुद्धा गुन्हा. जुन्या लेखांत ॲपच्या लिंक असतील तर आजच काढ, आणि भावाला एकदा घरी जाऊन भेट.