भस्त्रिकेने डोळ्याला जास्त रक्त मिळतं? मला तर उलटंच वाटतं

कोवळं ऊन: आईला काचबिंदू आहे. सकाळच्या योगवर्गात भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा भराभर श्वास घेणं-सोडणं, शिकवतात. तिथे तिला सांगितलं, "भस्त्रिका जोरात करा, डोळ्याला भरपूर ऑक्सिजन जातो." परवा मी शेजारी सतरंजीवर बसलो होतो. तिसऱ्या आवर्तनाला तिच्या बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मी लगेच थांबवलं.

निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन साध्या श्वासातही ९५ टक्क्यांच्या वर ऑक्सिजनने भरलेलं असतं. जोर लावून त्यात फारशी भर पडत नाही. घटतो तो कार्बन डायऑक्साइड. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब एरवी ३५ ते ४५ मिमी पारा असतो. तो उतरला की मेंदूच्या आणि दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या आकसतात, चढला की रुंदावतात. मग रक्त वाढावं म्हणून जे करायचं, त्यानेच ते कमी होणार ना? काचबिंदूत डोळ्याची नस आधीच नाजूक झालेली असते. माझ्या मते अशा लोकांना भस्त्रिका शिकवूच नये.

सुखासन: मी योगशिक्षिका आहे, आणि हे मला पटत नाही. तुम्ही अर्धाच हिशोब मांडलाय. भस्त्रिकेनंतर कुंभक असतो. श्वास रोखला की कार्बन डायऑक्साइड साठतो, म्हणजे तुमच्याच नियमाने वाहिन्या रुंदावतात. आईंना अंधारी आली, कारण त्यांना झेपेल त्यापेक्षा जास्त करायला लावलं. दिल्लीच्या एम्समध्ये ध्यानाने काचबिंदूच्या रुग्णांचा डोळ्याचा दाब उतरलेला दिसलाय, तेही लक्षात घ्या.

कोवळं ऊन: ध्यानात बसणं आणि भाता चालवणं एक नाही हो. दाब उतरला तो शांत बसून.

तिन्हीसांज: नेत्रविभागात काम करते, म्हणून लिहिते. दृष्टिपटलाच्या वाहिन्यांवर मज्जातंतूंचा ताबा नसतो. रक्तातले वायू आणि आजूबाजूच्या पेशींची गरज यांवर त्या स्वतःच आवळतात-सैलावतात. त्यामुळे वायूंचा परिणाम खरा आहे. पण कुंभकाचं गणित एवढं सरळ नाही. डोळ्यात रक्त शिरतं ते रक्तदाब आणि डोळ्याचा दाब यांच्यातल्या फरकावर. श्वास कोंडून कुंथलं की डोळ्याचा दाब चढतो.

शिवाय रक्त वाढलं म्हणजे नजर वाचली असं होत नाही. दृष्टिपटलाची मुख्य धमनी गुठळीने बंद झाली की ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण हुंगायला देत असत, त्याला कार्बोजेन म्हणतात. वाहिन्या रुंदावाव्यात हाच हेतू होता. त्याने नजर परत येते, हे काही सिद्ध झालं नाही.

सुखासन: तिथे गुठळी अडकलेली असते, काचबिंदू वर्षानुवर्षं चालतो. ही तुलना मला मान्य नाही. आणि कुंथून कुंभक कुठलाही जाणता शिक्षक सांगत नाही. शीर्षासन मात्र मी काचबिंदूवाल्यांना कधीच देत नाही, त्यात डोळ्याचा दाब जवळपास दुप्पट होतो. जोराची भस्त्रिकाही देत नाही. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर.

पायवाट: मला मधुमेह आहे. आमच्यात वाहिन्यांची ही आकसण्या-रुंदावण्याची क्षमताच मंदावते. तेव्हा सगळ्यांना एकच नियम लावू नका.

कोवळं ऊन: हे महत्त्वाचं आहे, धन्यवाद. आईच्या थेंबांत डॉर्झोलामाइड आहे. घालताना डोळा चुरचुरतो, मग घशाशी कडू येतं, म्हणून ती टाळाटाळ करते. हे औषध ज्या विकराला (एन्झाइमला) अडवतं, ते कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट करणारं. दाब उतरवायला ते द्यायचं, हे पक्कं ठरलेलं आहे. वर्गातून आल्यावर "आता थेंब कशाला" असं ती म्हणाली, तेव्हा मला खरी भीती वाटली.

सुखासन: थेंब अजिबात बंद करू नका! वर्गात कुणी तसं सुचवलं असेल तर आईंना तिथून काढा. अनुलोम-विलोम चालेल, चार अंक मोजेपर्यंतच्या हलक्या कुंभकासह.

कोवळं ऊन: अनुलोम-विलोम करेल. कुंभक मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, चार अंकांचाही नाही.