सोलापूरहून थेट जोशुआ ट्री: डिसेंबरात दोन दिवस आहेत, पायी काय काय होईल?

भुईकोट_कट्टा
नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, वय ५६, गुडघे अजून शाबूत. मुलगी-जावई कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला असतात, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं जातोय. जावयांनी विचारलं डिस्नीलँड का वेगास, मी म्हटलं ते दोन्ही तुम्हीच करा, मला वाळवंट दाखवा. तर जोशुआ ट्री नॅशनल पार्क ठरलंय, दोन दिवस मिळतात. मी वर्षातून तीन-चार ट्रेक करतो, कळसूबाई दोनदा झालंय, सिंहगड तर मोजलाच नाही. मिसेसला मात्र चढ जमत नाही, सपाटीवर दोन-तीन किमी आरामात चालते.

माझा प्लॅन असा: पहिल्या दिवशी पहाटे अर्व्हाइनहून निघायचं, बार्कर डॅम, हिडन व्हॅली, रायन माउंटन, दुपारी लॉस्ट पाम्स ओएसिस, संध्याकाळी कीज व्ह्यू पॉइंट. दुसऱ्या दिवशी डेथ व्हॅली उरकून रात्री घरी. जावई म्हणतात जास्त होतंय पण ते आयटीवाले, त्यांना जिना चढला तरी जास्त होतं. उन्हाचं काही सांगू नका, ४४ डिग्रीत दुपारी दोनला सायकलवरून नवी पेठेत गेलेला माणूस आहे मी. बाकी काय ते सांगा.

चटणी_भाकरी
काका ओ, हे तर एका दिवसात पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर उरकल्यागत झालं की. देव दिसतील पण दर्शन होणार नाही 😄 मी पण आपल्या तिकडचाच, सात रस्त्याजवळ बालपण गेलं, आता आठ वर्षं लॉस एंजेलिसकडं हाय. जोशुआ ट्रीला सहा-सात वेळा गेलोय.

आधी नकाशा डोक्यात घ्या. पार्क जवळपास ३,२०० चौरस किमीचं आहे, म्हणजे ‘बघून येऊ’ असलं नाही. बार्कर डॅम, हिडन व्हॅली, रायन, कीज व्ह्यू हे चार एकमेकांजवळ आहेत, वरच्या बाजूला. लॉस्ट पाम्स मात्र पार दक्षिणेला कॉटनवुडहून सुरू होतं, हिडन व्हॅलीपासून तिथं जायलाच तास-सव्वातास गाडी, आणि तो ट्रेल जाऊन येऊन साडेसात मैल म्हणजे १२ किमी, पाच-सहा तास धरा. त्यात गंमत अशी की जाताना शेवटी ताडांच्या दरीत उतरायचं असतं आणि दमल्यावर चढायचं, आपल्या गडांच्या बरोब्बर उलटं. डिसेंबरात सूर्य साडेचार-पावणेपाचला मावळतो, साडेपाचला काळाकुट्ट अंधार. दुपारी लॉस्ट पाम्स सुरू केलं तर परत टॉर्चवर याल.

डेथ व्हॅली तर सोडूनच द्या. नावं शेजारीशेजारी ऐकू येतात म्हणून ठिकाणं शेजारी नाहीत, इथून तिथं चार-पाच तास लागतात. पुढच्या वेळी वेगळे तीन दिवस काढा. वहिनींना तिथलं बॅडवॉटर आवडेल, समुद्रसपाटीपासून २८२ फूट खाली, मिठाचं पांढरं पठार, एक इंच चढ नाही.

माळरान_७९
एवढे पैसे घालवून अमेरिकेतलं वाळवंट कशाला, आपलं जैसलमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क आहे की, ३,१६२ चौरस किमी, जवळपास तेवढंच मोठं. सोलापूरकराने तर आवर्जून जावं, आपल्या नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं आणि आता माळढोकच बघायला राजस्थान गाठावं लागतं.

चटणी_भाकरी
माळढोकाचं दुःख एकदम मान्य. पण काकांची लेक अर्व्हाइनला आहे, जैसलमेरला नाही. आणि तिकडं परवानगी काढून गाडीतून फिरायचं, पक्ष्यांसाठी राखलेला भाग आहे तो, मनाला येईल तसं पायी भटकायची जागा नाही.

ऊन_सावली
भुईकोट साहेब, मी मूळची बार्शीची, आता फिनिक्सला. तुमचं ते ४४ डिग्रीचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसले, कारण हेच वाक्य माझे वडील म्हणायचे.

पहिली गोष्ट म्हणजे डिसेंबरात तुम्हाला ऊन भेटणारच नाही, थंडी भेटेल. दिवसा १५-१६ डिग्री, रात्री शून्याच्या आसपास, कधी खाली. रायनच्या माथ्यावर वारा असा लागतो की कानातून आरपार. सकाळी जॅकेट, अकराला टीशर्ट, तीनला परत जॅकेट, त्यामुळे एक जाड स्वेटर नको, दोन-तीन पातळ थर आणि वर वाऱ्याचं जॅकेट, कानटोपी. सोलापुरी चादर गाडीत टाकली तरी चालेल, चेष्टा नाही करत, सनसेटला कीज व्ह्यूवर मी तीच गुंडाळून उभी होते.

दुसरी गोष्ट पाणी. आपल्याकडं उन्हात घाम शर्टाला चिकटतो, कळतं की बाबा पाणी चाललंय अंगातलं. तिथली हवा इतकी कोरडी की घाम आल्या आल्या उडून जातो, शर्ट कोरडाच राहतो, थंडीमुळे तहानही लागत नाही, आणि तीन तासांनी डोकं ठणकायला लागतं तेव्हा माणूस म्हणतो जेटलॅग असेल. माझ्या वडिलांचं हेच झालं होतं. पार्कवालेच सांगतात माणशी दिवसाला कमीत कमी ४ लिटर, चालणार असाल तर त्याहून जास्त. आणि नुसतं पाणी ढोसू नका, सोबत मीठ पोटात जायला हवं, ओआरएसची पाकिटं घ्या.

पार्काच्या आत पाणी नाही, लक्षात ठेवा. काही प्रवेशद्वारांपाशी, व्हिजिटर सेंटरला आणि कॉटनवुड, ब्लॅक रॉकसारख्या कडेच्या ठिकाणी नळ आहेत, मधे काही नाही. बार्कर डॅम नावाला डॅम, शंभरेक वर्षांपूर्वी गुरांसाठी अडवलेलं पाणी, पाऊस झाला तर तळं नाहीतर चिखल. हॉटेल नाही, पेट्रोल नाही, मोबाईलला रेंज जवळपास नाहीच. पार्काच्या उत्तरेला ट्वेन्टीनाइन पाम्स गाव आहे, तिथंच टाकी फुल करा, डबा भरून घ्या, नॅशनल पार्क सर्व्हिसचं (एनपीएस) अ‍ॅप आणि नकाशा घरूनच ऑफलाइन डाउनलोड करा.

भुईकोट_कट्टा
ऊन_सावली ताई, वडिलांचं वाचून जरा वरमलो. बरं, डेथ व्हॅली रद्द. पण मंडळी मला एक सांगा, वाट सापडते का? आपल्याकडं बाण असतात, नाहीतर एखादा गुराखी सांगतो, अगदीच काही नाही तर प्लॅस्टिकच्या बाटल्या बघत जायचं.

वाट_चुकलेला
हा माझा विषय, नावावरूनच कळलं असेल.

सह्याद्रीत वाट चुकली तरी खाली उतरत गेलं की वाडी लागते, तिथं कुणीतरी मामा चहा पाजतो. इथं हे डोक्यातून काढून टाका. मी तीन वर्षांपूर्वी एका छोट्या लूपवर, म्हणजे फिरून त्याच जागी येणाऱ्या वाटेवर, फक्त एक मैलाच्या, दीड तास हरवलो होतो. झालं असं की वाळवंटात पावसाचं पाणी वाहून जे कोरडे ओढे होतात त्याला इथं वॉश म्हणतात, ते दिसायला हुबेहूब पायवाट, रुंद, सपाट, वर माझ्याआधी चुकलेल्या लोकांच्या पावलांचे ठसे. मी निवांत त्यातून चालत गेलो, फोटो काढत, मान वर केली तर चहूकडं सारखेच धोंडे. हंपी बघितलं असेल तर कळेल, तसलेच ग्रॅनाइटचे गोल गोल धोंडे, जमिनीखाली असतानाच पाण्याने कडा झिजून गोल झालेले, नंतर वरची माती गेली आणि उघडे पडले. फरक इतकाच की हंपीत लांबून गोपूर दिसतं, इथं खूण म्हणून धरायला काही नाही. प्रत्येक झाडही सारखंच वाटतं. त्या दिवशी माझ्याकडं अर्धा लिटरची बाटली होती, एक मैल तर आहे म्हणून.

शेवटी स्वतःच्या बुटांचे ठसे बघत उलटा आलो. तेव्हापासून दोन नियम. दहा मिनिटं पाटी किंवा दगडांची ओळ दिसली नाही की पुढं जायचं नाही, मागं फिरायचं. आणि निम्मं पाणी संपलं की जिथं असेन तिथून परत, माथा शंभर पावलांवर असला तरी. तिसरं म्हणजे लेकीला कागदावर लिहून द्या कुठला ट्रेल आणि किती वाजेपर्यंत परत, कारण फोन लागणार नाही.

चटणी_भाकरी
दगडांची ओळ बरोबर. अजून एक, कोलाचं निवडुंग. लांबून मऊ टेडीबेअरसारखं दिसतं, लोक म्हणतात उडी मारून चिकटतं, उडी बिडी काही मारत नाही पण नुसता धक्का लागला तरी त्याची गाठ तुटून कपड्यात, बुटात, हातात रुतते आणि काट्यांना उलटे आकडे असतात. हाताने काढायला गेलात तर दुसरा हातही अडकतो. उपाय म्हणजे कंगवा, कातडी आणि गाठीच्या मधे घालून झटक्यात उडवायचं. आमच्या पुण्याच्या मित्राने पायाने काढायला बघितलं, पुढचं सांगत नाही.

आणि ते जोशुआ झाड निवडुंग नाही बरं का, आपल्या घायपाताच्या नात्यातलं आहे. जावयाला तेवढंच ज्ञान पाजता येईल.

भुईकोट_कट्टा
जावयाला सांगितलं, तो म्हणाला माहीत होतं 🙄

आता मिसेसचा प्रश्न. आम्ही रायन चढणार तेव्हा तिने गाडीत बसून राहायचं का? मला ते बरं वाटत नाही.

ऊन_सावली
गाडीत अजिबात नको, रेंज नसलेल्या ठिकाणी कुणी एकटं बसू नये. लेकीला त्यांच्यासोबत ठेवा. त्या दोघी स्कल रॉकपाशी फिरतील, कवटीसारखा दगड रस्त्याला लागूनच आहे. हिडन व्हॅलीचा एक मैलाचा लूप चौघांनी मिळून करा, थोड्या दगडी पायऱ्या आहेत, हात धरला की जमेल. बार्कर डॅमही साधारण तेवढाच. कोला गार्डन तर पाव मैल, सपाट. खरं सांगू, त्या पार्कात सगळ्यात सुंदर जे आहे ते सपाटीवरच आहे, चढ हा पुरुषांचा हट्ट.

रायन ३ मैल जाऊन येऊन, चढ हजारेक फूट, सिंहगडापेक्षा बराच कमी. पण माथा ५,४५७ फूट, म्हणजे तुमच्या कळसूबाईपेक्षा थोडा उंचच. गाडी निम्म्याहून जास्त उंचीवर नेऊन सोडते म्हणून सोपं.

वाट_चुकलेला
शनिवार-रविवार टाळा. पश्चिमेच्या गेटला गाड्यांची मारुतीच्या शेपटासारखी रांग लागते आणि हिडन व्हॅलीचं पार्किंग नऊ-साडेनऊला भरतं. ट्वेन्टीनाइन पाम्सकडून उत्तरेच्या गेटने शिरा, तिथं गर्दी कमी. गाडीमागं ३० डॉलर, सात दिवस चालतं, पण निघण्याआधी साईटवर एकदा बघा.

भुईकोट_कट्टा
बरं मग नवा प्लॅन, चुकलं तर सांगा. मंगळवार-बुधवार. मुक्काम ट्वेन्टीनाइन पाम्सला. मंगळवारी पहाटे साडेपाचला अर्व्हाइन सोडायचं, उत्तरेच्या गेटने आत, पहिलं हिडन व्हॅली, मग बार्कर डॅम, डबा खाऊन आराम, सनसेटला कीज व्ह्यू. बुधवारी सकाळी मी आणि जावई रायन, मायलेकी स्कल रॉक, मग गाडी दक्षिणेकडं, कोला गार्डन, कॉटनवुडला पाणी भरून तिथूनच हायवेला लागून घरी. लॉस्ट पाम्स राहिलं. मनाला लागलंय पण राहू दे.

डब्याचं म्हणाल तर सोलापूरहून कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेतोय, महिनाभर टिकते, मीठही पोटात जातं. एअरपोर्टवर अडवतील का?

चटणी_भाकरी
आता कसं! दक्षिणेने बाहेर पडायचं एक नंबर, उलटा फेरा वाचतो. कोला गार्डनला ऊन तिरपं असताना पोचा, काटे दिव्यासारखे पेटतात. लॉस्ट पाम्सऐवजी ताडांचं ओएसिस बघायचंच असेल तर गावाजवळच फोर्टीनाइन पाम्स आहे, तीन मैल, पण मधे टेकडी चढून उतरायची आणि येताना परत तेच, त्यामुळे वहिनींना नको. भूगर्भातल्या भेगेपाशी पाणी अडून वर येतं म्हणून बरोब्बर तिथंच ताड उगवतात, भोवती सगळं भकास आणि मधे हिरवा ठिपका. रायन लवकर संपलं तर तुम्ही दोघं जाऊन या, पण मग कॉटनवुडला अंधार होईल, एकच काहीतरी धरा.

भाकरी-चटणी मी दरवर्षी आणतो. विचारलं तर लपवायचं नाही, खायचे पदार्थ आहेत म्हणून सांगून टाकायचं, पॅकिंग घट्ट. आणि काका, दोन पाकिटं चटणी जास्त आणा, अर्व्हाइन माझ्यापासून तासभरच आहे.

भुईकोट_कट्टा
चटणी पक्की. मिसेस म्हणते पाणी तुम्ही उचला, कंगवा माझ्या पर्समध्ये असतोच.