नव्या आईबापांना थेरपी हवी की झोप?

पहाटेचा गजर (धागाकर्ता)

बाळ पाच महिन्यांचं आहे. मागच्या तपासणीला बायकोच्या हातात दहा प्रश्नांचा कागद दिला. तिने प्रामाणिकपणे भरला, १४ गुण आले, आणि लगेच थेरपिस्टकडे जायची चिठ्ठी. आता मला सांगा, जी बाई पाच महिने सलग तीन तास झोपलेली नाही तिला "पूर्वीसारखं हसू येतं का" असं विचारल्यावर ती काय लिहिणार? मलाही येत नाही.

माझं मत असं की थकव्याला आजार ठरवायची घाई झालीये. मूल झालं की रडू येतं, चिडचिड होते, नवराबायको एकमेकांवर खेकसतात. पुढे ओसरतं. थेरपिस्टसमोर तासभर बसण्यापेक्षा तेवढा वेळ कोणी बाळ घेतलं आणि ती झोपली, तर जास्त फरक पडेल. विरोधी मतं जरूर लिहा, फक्त "तुम्ही पुरुष, तुम्हाला काय कळणार" एवढ्यावर थांबू नका.

सुईदोरा

प्रसूती विभागात काम करते, म्हणून प्रतिसाद लांबेल.

तो कागद बहुधा एडिंबरा प्रश्नावलीचा असणार, बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरण्यासाठीची. १९८७ पासून वापरात आहे, गुण ० ते ३०, आणि फक्त गेल्या ७ दिवसांबद्दल विचारते. १३ किंवा त्याच्या वर गुण गेले (काही ठिकाणी १०) की नीट विचारपूस करायची असते. ती चाळणी आहे, निदान नव्हे. चिठ्ठी देताना तुम्हाला हे कोणी समजावलं नसेल तर ती चूक आमच्या बाजूची.

पण थकव्याचा मुद्दा तिथे लागू पडत नाही. ज्यांनी ती बनवली त्यांना नवी आई दमलेली असते हे ठाऊक होतं, म्हणून अंगदुखी, दमणूक, भूक वगैरे त्यात मुद्दाम ठेवलेलं नाही. झोपेवर एकच प्रश्न आहे आणि तोही मन उदास असल्यामुळे झोप लागत नाही का, असा. बाळ उठवतं का, असा नाही. तुम्ही घरी एवढंच विचारा: बाळ झोपलंय, त्याच्याजवळ दुसरं कोणीतरी आहे, अशा वेळी तिला झोप लागते का?

पहिल्या पंधरवड्यातलं रडू निराळं. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतं, बहुतेक बायकांना येतं आणि आपलं आपण जातं. पाचव्या महिन्यातलं त्या खात्यात टाकता येणार नाही. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलं का? नसेल तर तिथे मी तुमच्या बाजूने. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडला तरी चित्र थेट असंच दिसू शकतं.

जुनी वही

गजरशी सहमत. मी तीन मुलं वाढवली. घरातलं बाहेर जाऊन परक्या माणसाला सांगायचं, तेही घड्याळ लावून, हे मला पटत नाही. घरात माणसं असतील तर बोलायला माणसं असतात.

तिसरा मजला

मावशी, माझ्या घरात माणसं होती. आई होती, रात्री बाळाला नवरा बघायचा. मला सात-सात तास झोपायची मुभा होती आणि मी सात तास छताकडे बघत पडायचे.

जिना उतरताना बाळ माझ्या हातून पडतंय, हे दृश्य डोळ्यांसमोर यायचं. मग मी पाडतेय असं दिसायला लागलं. जिना उतरणंच बंद केलं. हे आईला कसं सांगणार? सांगितलं तर बाळ माझ्याजवळ एकटं ठेवणार नाहीत, ही भीती. परका माणूस मला म्हणूनच बरा पडला.

माझ्या थेरपिस्टने पहिल्याच भेटीत सांगितलं की असे नको असलेले विचार नव्या आईबापांमध्ये अतिशय सर्रास येतात, आणि तुम्ही त्यांना घाबरता हीच जमेची बाजू. मग विचारांशी झगडण्याऐवजी काय करायचं ते शिकवलं. सातव्या आठवड्यात मी बाळाला घेऊन खाली उतरले. एक एक पायरी, कठडा धरून. धागाकर्त्याच्या हिशोबाने मला फक्त झोप हवी होती.

सुईदोरा

तिसरा मजला, लिहिलंत ते बरं केलंत. वाचणाऱ्यांसाठी एक भर. ते विचार खरे वाटू लागले, पटू लागले, आवाज ऐकू येऊ लागले, झोपेची गरजच वाटेनाशी झाली, तर तो बाळंतपणानंतरचा सायकोसिस (वास्तवाचं भान सुटण्याचा गंभीर आजार) असू शकतो. हजारात एक-दोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. तिथे थेरपीची तारीख घ्यायची नसते, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

उलटतपासणी

मी थेरपीच्या विरोधात नाही, थेरपीच्या बाजाराच्या विरोधात आहे. "बाळाशी नातं जुळलं नाही तर आयुष्यभराचं नुकसान" असं घाबरवून सत्रं विकली जातात. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि बाळांच्या खेळाचं बारकाईने निरीक्षण केलं. चांगल्या जोड्यासुद्धा निम्म्याहून जास्त वेळ एकमेकांशी जुळलेल्या नसतात, चुकतात आणि पुन्हा जुळवून घेतात. हे कुठल्या जाहिरातीत वाचलंय?

दुसरं, पदवीधर थेरपिस्टच कशाला? २००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या ग्रामीण भागातला प्रयोग आला होता. गरोदरपणातच नैराश्य असलेल्या बायकांच्या घरी गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या जात. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत त्यांच्यातल्या २३ टक्के नैराश्यात होत्या, नुसत्या नेहमीच्या भेटी मिळालेल्या बायकांमध्ये ५३ टक्के. मानसोपचारतज्ज्ञ कोणीही नाही.

पहाटेचा गजर

बघा! म्हणजे आपुलकीने बोलणारं माणूस पुरेसं आहे. हेच म्हणतोय मी.

अर्धवट वाचलेलं

नाही हो. ज्यांना नेहमीच्या भेटी मिळाल्या त्यांच्याकडेही तितक्याच वेळा माणूस जात होतं, आपुलकीनेच. फरक होता तो काय बोलायचं याचा. कार्यकर्त्यांना विचार-वर्तन पद्धतीचं प्रशिक्षण दिलं होतं: चुकीचा विचार ओळखायचा, पर्याय शोधायचा, पुढच्या भेटीपर्यंत करून बघायचा. थेरपीच होती ती, फक्त खोली आणि पाटी नव्हती. तुम्ही दोघंही एकच आकडा आपापल्या पोत्यात भरताय.

नवशिका बाबा

सगळी चर्चा आईची चाललीये. दहातल्या साधारण एका बापालाही हे नैराश्य येतं आणि त्याच्या हातात कोणी कागद देत नाही. मी रडलो नाही. मी ऑफिसात उशिरापर्यंत बसायला लागलो, घरी आलो की दारं आपटायचो. आम्ही दोघं मिळून गेलो. पहिल्या तीन भेटी फक्त रात्री कोण उठतं यावरून भांडलो, समोर पंच बसवून. (पंचाचे पैसे वसूल.)

गजर, "मलाही हसू येत नाही" असं लिहून तुम्ही पुढे गेलात. मी तिथेच अडखळलो.

पहाटेचा गजर

माझं नका काढू. मी ठीक आहे.

जुनी वही

तिसरा मजला यांचं वाचून काल रात्रभर डोक्यात फिरत होतं. माझ्या थोरल्याचं पहिलं वर्ष मला आठवत नाही. धाकट्या दोघांचं लख्ख आठवतं. दमले असेन, असंच मी धरून चालले होते. परक्याला सांगणं अजूनही पटत नाही, पण "घरात माणसं होती" हे माझं वाक्य मी मागे घेते. होती तर खरी.

पहाटेचा गजर

दोन दिवसांनी येतोय. रविवारी बाळाला घेऊन तीन तास बाहेर राहिलो, तिला झोप म्हटलं. परत आल्यावर सुईदोरा ताईंचा प्रश्न विचारला. म्हणाली, "डोळे मिटून पडले होते."

थायरॉइडचं रक्त दिलंय. गुरुवारी तिची भेट आहे, बाळ मी सांभाळणार. आईबाप झालेल्या सगळ्यांनाच थेरपीला पाठवायला माझा अजून विरोध आहे, हेही नोंदवतो. नवशिका बाबा, तुमच्या प्रश्नाला उत्तर देत नाहीये.

सुईदोरा

गुरुवार चालेल. पण त्या कागदावरचा दहावा प्रश्न बघितलात का? स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दलचा. एकूण गुण कितीही असोत, तिथे शून्याशिवाय काहीही असेल तर गुरुवारपर्यंत थांबू नका.

पहाटेचा गजर

आत्ता काढून बघितला. शून्य आहे. तरी तिला तोंडी विचारतो.